निविदा कुणाची उघडायची?

गृहनिर्माण संस्थेच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम द्यायला अडचण काय? प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा असतो. काहींनी तो निवृत्तीच्या पुंजीतून काढलेला असतो, काहींनी घरकर्जाचा हप्ता चालू असताना वर जमवलेला असतो. मग ऐंशी लाखांचे काम कुणी साठ लाखांत करून देतो म्हणत असेल, तर त्याला नाही म्हणणारी कार्यकारी समिती संशयाच्या नजरेने पाहिली जाते. या प्रकरणात मांडायचे आहे ते असे : कमी दर हा निकष योग्यच आहे, पण त्याची जागा दुसरी आहे. दर सांगण्याचा हक्क कुणाला द्यायचा, हे त्याच्याआधी ठरायला हवे. ज्या अटींवर हा हक्क मिळतो त्यांना पात्रतेच्या अटी म्हणतात. त्या मोजक्या असाव्यात, कामाच्या आकाराला धरून असाव्यात, दराचे लिफाफे उघडण्यापूर्वी लेखी ठरलेल्या असाव्यात, आणि जी अट लिहिली ती खरोखर तपासली जावी. एवढे झाले, तरच सर्वांत कमी दराला काही अर्थ उरतो.

१. दुरुस्तीतला दर फसवा का असतो?

नव्या इमारतीत किती काँक्रीट लागणार, किती विटा लागणार, हे नकाशावरून बऱ्याच अंशी आधी मोजता येते. जुन्या इमारतीत तसे होत नाही. काँक्रीटमधल्या लोखंडी सळईला गंज चढला की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पटीने वाढते. त्याला आत जागा नसते, म्हणून भोवतीचे काँक्रीट फुटते, भेगा पडतात, त्यातून आणखी पाणी आणि हवा शिरते आणि गंज पुढे सरकतो. समुद्राकाठच्या मुंबईत, वसईत किंवा पणजीत हवेतल्या क्षारांमुळे हा वेग वाढतो. बाहेरून दिसते ती फक्त एक बारीक भेग किंवा छताला आलेला फुगवटा. हातोडीने ठोकून, यंत्रांनी चाचण्या करून अभियंता अंदाज बांधतो, पण प्लास्टर उतरवल्याशिवाय नुकसान किती आहे हे पूर्ण कळत नाही. म्हणून दुरुस्तीची निविदा बहुधा एका ठोक रकमेची नसते. कामाच्या प्रत्येक बाबीचे अंदाजे परिमाण लिहिलेले असते, ठेकेदार बाबवार दर भरतो आणि शेवटचे बिल प्रत्यक्ष मोजमापावर होते.

याचा परिणाम एका छोट्या हिशेबाने पाहू. (दर समजण्यापुरते काल्पनिक आहेत.) अंदाजपत्रकात ५०,००० चौरस फूट बाहेरचा रंग आणि १,००० चौरस फूट पॉलिमर मॉर्टरची दुरुस्ती आहे. पॉलिमर मॉर्टर म्हणजे फुटलेले काँक्रीट काढून, सळई घासून, त्या जागी भरले जाणारे चिकट आणि भक्कम मिश्रण. पहिला ठेकेदार रंगाला २० रुपये आणि मॉर्टरला ३५० रुपये दर देतो. बेरीज १३ लाख ५० हजार. दुसरा रंगाला १८ आणि मॉर्टरला ४२५ देतो. बेरीज १३ लाख २५ हजार. दुसरा पंचवीस हजारांनी स्वस्त, म्हणून काम त्याला मिळते. प्लास्टर उतरल्यावर मॉर्टरचे काम १,००० ऐवजी ३,००० चौरस फूट निघते. आता पहिल्याचे बिल २० लाख ५० हजार झाले असते; दुसऱ्याचे होते २१ लाख ७५ हजार. सभेत स्वस्त ठरलेला माणूस सव्वा लाखाने महाग पडला. अनुभवी ठेकेदाराला कोणती बाब वाढणार हे इमारतीला एक फेरी मारूनच कळते, आणि ज्याला खेळ करायचा आहे तो नेमक्या त्याच बाबीचा दर चढा ठेवतो.

यावर कुणी म्हणेल की मोजमाप अभियंता घेणार, दरांची छाननीही तोच करणार, मग ठेकेदार कोण याला इतके महत्त्व कशाला? अभियंत्याची छाननी हवीच. पण अभियंता दिवसभर परांचीवर उभा राहत नाही. गंजलेली सळई पूर्ण मोकळी करून घासली की वरवर ब्रश फिरवून झाकली, मॉर्टरमध्ये पॉलिमर ठरल्या प्रमाणात पडले की नाही, थरावर पुरेसे पाणी मारले की नाही, या गोष्टी काही तासांत झाकल्या जातात आणि मग तीन-चार वर्षांनी दिसतात. दुरुस्ती हे झाकले जाणारे काम आहे. जे काम नंतर तपासता येत नाही, तिथे करणाऱ्याची निवड आधी काटेकोर करावी लागते.

२. कायदा किती सांगतो आणि कुठे थांबतो?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली आणि आपापल्या उपविधींनुसार चालतात. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करावे असे म्हटले आहे. मुंबई महानगरपालिका कायद्याचे कलम ३५३ ब तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीकडून स्थिरतेचा दाखला मागते. दुरुस्तीसाठी पैसा साठावा म्हणून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड गोळा करण्याची तरतूद आहे. समितीने आपल्या अधिकारात किती खर्च करायचा याला मर्यादा आहे. त्यावरच्या कामाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. किती रकमेच्या पुढे निविदा मागवायच्याच, हे सभा ठरवते आणि आलेल्या निविदा सभेपुढे ठेवाव्या लागतात. संस्थेशी होणाऱ्या करारात पदाधिकाऱ्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, हेही उपविधी सांगतात.

इथपर्यंत वाट स्पष्ट आहे. निविदा मागवा, सभेपुढे ठेवा, करार करा. पण निविदा भरणारा कोण असावा, त्याचा अनुभव किती असावा, त्याच्या कामगारांचा विमा असावा का, याबद्दल उपविधी तपशिलात जात नाहीत. अनेकांना वाटते की सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालचे शासनाचे निर्देश इथे लागू होतात. ते निर्देश, २००९ चे आणि नंतर ४ जुलै २०१९ चे सुधारित, पुनर्विकासासाठी आहेत, म्हणजे इमारत पाडून नवी बांधण्यासाठी. दुरुस्तीला त्यांचा आधार घेता येत नाही. ही मोकळी जागा सर्वसाधारण सभेनेच भरायची असते. ती भरली नाही, तर ओळखीच्या तिघांकडून कोटेशन मागवून निविदा झाली असे म्हणण्याची पद्धत पडते.

(इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील तर ठेकेदार शोधण्याआधी विकासकाला लेखी कळवावे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्या मुदतीतले संरचनेतले आणि कारागिरीतले दोष विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याची आहे.)

३. कागदपत्रे : थोडी, पण खरी

पॅन, जीएसटी नोंदणी, व्यवसायाचे स्वरूप म्हणजे एकल मालकी, भागीदारी की कंपनी, आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे एवढे मागितले की ओळखीचा भाग पुरा होतो. दुरुस्तीच्या कंत्राटावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून एकाचा दर करासह आणि दुसऱ्याचा कराशिवाय असेल तर तुलना निरर्थक होते. निविदेच्या नमुन्यातच दर कर वगळून लिहायला सांगावा. बिल देताना आयकर कायद्याप्रमाणे उगमस्थानी करकपातही करावी लागते : व्यक्तीला १ टक्का, भागीदारी संस्थेला किंवा कंपनीला २ टक्के. "बिल नको, रोख द्या, जीएसटी वाचेल" असे सुचवणारा ठेकेदार याच टप्प्यावर बाद करावा. बिलच नसेल तर हमी कशाची मागणार आणि वाद झाला तर न्यायालयात काय दाखवणार?

४. अनुभव : कशाचा, किती मोठा, किती पावसाळ्यांचा

पात्रतेचा गाभा इथे आहे. "दहा वर्षांचा अनुभव असावा" ही सर्वत्र आढळणारी अट फारसे काही सांगत नाही. दहा वर्षे शौचालयांच्या फरश्या बसवणाऱ्यालाही दहा वर्षांचा अनुभव असतो. अनुभवाची अट तीन गोष्टींनी बांधावी लागते : कामाचा प्रकार, कामाचा आकार आणि किती काळातले काम.

सरकारी कामांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या परिपत्रकात याचे एक सोपे माप दिले. मागच्या सात वर्षांत ठेकेदाराने पूर्ण केलेली सारखी कामे पाहायची. अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्के रकमेची तीन, किंवा ५० टक्के रकमेची दोन, किंवा ८० टक्के रकमेचे एक काम असावे. शिवाय मागच्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित खर्चाच्या ३० टक्के तरी असावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने दोन कामांसाठी ६० टक्के धरले आहेत, बाकी रचना तीच. खासगी गृहनिर्माण संस्थेवर हे माप बंधनकारक नाही. पण ते उसने घेण्यासारखे आहे, कारण त्यात मोठा आणि मध्यम असे दोन्ही ठेकेदार बसतात आणि कुणाच्या मर्जीला जागा उरत नाही. ठाण्यातल्या एखाद्या चार विंगच्या संस्थेचे अंदाजपत्रक ८० लाखांचे आहे असे समजा. मग ३२ लाखांची तीन कामे, किंवा ४० लाखांची दोन, किंवा ६४ लाखांचे एक, यांपैकी काहीही चालेल. उलाढाल मात्र ३० टक्क्यांच्या मापाने फक्त २४ लाख निघते, आणि ती मला या कामासाठी अपुरी वाटते. सरकारी खात्याची बिले उशिरा का होईना, निघतात. संस्थेचे हप्ते सभासदांच्या वर्गणीवर अवलंबून असतात आणि ते अडकले की दुबळा ठेकेदार काम सोडून जातो. इथे उलाढालीची अट अंदाजित खर्चाच्या निम्म्याच्या आसपास नेणे शहाणपणाचे.

"सारखे काम" म्हणजे काय, हे निविदेत स्पष्ट लिहिले नाही तर सगळे माप वाया जाते. नव्या इमारतीचे प्लास्टर हे दुरुस्तीचे सारखे काम नव्हे. माणसे राहत असलेल्या इमारतीत, खांब आणि तुळयांची दुरुस्ती, बाहेरचे प्लास्टर, जलरोधन आणि रंग यांपैकी मुख्य बाबी ज्यात होत्या, ते सारखे काम. "राहत असलेल्या" हे शब्द महत्त्वाचे आहेत. रिकाम्या इमारतीत काम करणे आणि खाली मुले खेळत असताना, वर कुणी आजारी असताना, पाण्याची लाइन दोन तासांत पूर्ववत करायची असताना काम करणे यांत मोठे अंतर आहे.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. ठेकेदार सहसा नुकत्याच रंगवलेल्या इमारतींची नावे देतात. त्या बघून काही कळत नाही. नवा रंग सगळ्यांचाच चांगला दिसतो. म्हणून अट अशी असावी की दाखवलेल्या कामांपैकी किमान एकाने काम संपल्यावर दोन पावसाळे पाहिलेले असावेत. समितीतल्या दोघा-तिघांनी त्या इमारतीत जावे, वरच्या मजल्यावरच्या घरांत गळतीबद्दल विचारावे, गच्चीवर पाणी साचते का पाहावे, आणि तिथल्या सचिवांना दोन प्रश्न विचारावेत : मूळ कराराच्या तुलनेत शेवटचे बिल किती झाले, आणि हमीच्या काळात बोलावल्यावर माणूस आला का. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात ठेकेदाराचा स्वभाव कळतो, कारण वाढलेली मोजमापे समजावून दिली की अंगावर टाकली हे तिथे लपत नाही. कागदी अनुभव दाखला आणि ही भेट यांत निवड करायची झाली, तर मी भेट निवडेन.

अशा अटींनी नवा ठेकेदार कायमचा बाहेर राहील, हा आक्षेप गंभीर आहे. प्रत्येक जण कधीतरी नवा असतो. त्याचे उत्तर अट काढून टाकण्यात नाही, काम विभागण्यात आहे. कुंपणाची भिंत, पंपघर, जिन्यातला रंग, आवारातली फरसबंदी ही छोटी कामे वेगळी काढून कमी अनुभवाच्या ठेकेदाराला द्यावीत. तिथे चूक झाली तर ती महागात पडत नाही, आणि नीट झाले तर त्याच्या हाती पहिला दाखला येतो. इमारतीचे खांब शिकण्यासाठी वापरू नयेत.

५. पैशाची ताकद आणि हातातली कामे

चांगला अनुभव असलेला ठेकेदारही एकाच हंगामात सात इमारती घेऊन बसलेला असू शकतो. मुंबई-ठाणे पट्ट्यात बाहेरचे काम ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंतच नीट होते; त्या आठ महिन्यांत सगळ्या संस्थांना तोच माणूस हवा असतो. मग पंधरा दिवस परांची रिकामी आणि तीन दिवस धावपळ, असे काम जूनपर्यंत रेंगाळते. हे टाळण्यासाठी सरकारी खाती निविदाक्षमता नावाचे एक गणित वापरतात. मागच्या पाच ते सात वर्षांत ठेकेदाराने एका वर्षात जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे काम केले ती रक्कम घ्यायची. तिला नव्या कामाच्या मुदतीने, वर्षांत मोजून, आणि मग १.५ ने गुणायचे. त्यातून त्याच मुदतीत पुरी करायची हातातली कामे वजा करायची. उरते ती त्याची क्षमता.

आपल्या ८० लाखांच्या, आठ महिन्यांच्या कामासाठी हे करून पाहू. एका ठेकेदाराने वर्षात सर्वाधिक १ कोटी २० लाखांचे काम केले आहे. आठ महिने म्हणजे वर्षाचे दोन-तृतीयांश. १२० लाख गुणिले दोन-तृतीयांश गुणिले दीड, उत्तर पुन्हा १२० लाख. त्याच्या हाती त्या काळातली ७० लाखांची कामे आहेत. उरले ५० लाख. ८० लाखांचे काम त्याला पेलणार नाही, मग त्याचा दर कितीही आकर्षक असो. दुसऱ्याचे सर्वाधिक काम १ कोटी ५० लाख आणि हाती ४० लाखांची कामे. उरतात १ कोटी १० लाख. तो पात्र. पाचवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि ते मांडले की सभेतल्या बऱ्याच चर्चा आपोआप मिटतात. हातातल्या कामांची यादी ठेकेदाराने सही-शिक्क्यानिशी द्यावी आणि खोटी निघाल्यास निविदा रद्द होईल असे नमूद करावे.

आर्थिक ताकद पाहण्याचे आणखी एक कारण हमी आहे. जलरोधनाची दहा वर्षांची हमी स्टॅम्प पेपरवर कुणीही लिहून देतो. ती हमी देणारा धंद्यात टिकेल तेवढीच टिकते. म्हणून सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली तीन वर्षांची उलाढाल आणि बँकेचा ऐपतीचा दाखला ही वायफळ मागणी नव्हे. त्याच्या जोडीला प्रत्येक बिलातून पाच टक्के रोखून ठेवून ती रक्कम दोषदायित्वाचा काळ संपल्यावर द्यावी. दोषदायित्वाचा काळ म्हणजे काम संपल्यानंतरची ती मुदत, ज्यात निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात.

६. परांचीवरची माणसे

पात्रतेच्या अटींत कामगारांचा विषय सहसा शेवटच्या ओळीत येतो. तो आधी यायला हवा. सातव्या मजल्याच्या उंचीवर बांबूवर उभा राहून प्लास्टर फोडणारा माणूस बिहारमधून, झारखंडमधून किंवा आपल्याच मराठवाड्यातून आलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो ठेकेदाराचाही नसतो. ठेकेदाराच्या उपठेकेदाराचा असतो. पडला तर त्याच्या घरच्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर करार करण्याआधी कागदावर असायला हवे. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आणि १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा यांनी काही तत्त्वे पक्की केली. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देय असते. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर कायदा लागू होणाऱ्या आस्थापनेत ती मुख्य नियोक्त्याकडून वसूल होऊ शकते. बांधकामात दुरुस्तीही धरली जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे कायदे त्यांत सामावले गेले. संस्थेने विचारायचे प्रश्न तेच राहिले. कामगारांची भरपाई विमा पॉलिसी आहे का, ती या कामाच्या पूर्ण मुदतीची आहे का, तिच्यात उपठेकेदाराची माणसे धरली आहेत का? खालून जाणाऱ्या रहिवाशाला किंवा उभ्या गाडीला इजा झाली तर त्रयस्थ व्यक्तींसाठीचे विमा संरक्षण आहे का? ठेकेदार भविष्य निर्वाह निधीच्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत येत असेल, तर भरणा केल्याची चलने आहेत का?

याची किंमत दरात दिसते, हे खरे. विमा, पट्टे, जाळ्या आणि लोखंडी परांची घेणारा ठेकेदार न घेणाऱ्यापेक्षा महाग असतो. सभेत कुणी म्हणेल की अटी वाढवून तुम्ही दर वाढवले. त्यावर स्पष्ट उत्तर द्यावे : तो खर्च आधीही होता, फक्त तो कामगार आपल्या हाडांनी भरत होता. आणि धोका त्याच्यापुरता राहत नाही. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताई पो भागातल्या वांग फुक कोर्ट या आठ मनोऱ्यांच्या वसाहतीत मोठ्या दुरुस्तीचे काम चालू असताना आग लागली. परांची आणि तिच्यावरच्या जाळीतून ती सात मनोऱ्यांत पसरली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. खिडक्यांवर ज्वलनशील फोमचे तक्ते लावलेले होते आणि तपासलेल्या जाळीचे काही नमुने अग्निरोधक निघाले नाहीत. जाळी कोणती वापरणार, तिचे प्रमाणपत्र कुठे आहे, कामावर सुरक्षेसाठी जबाबदार माणूस कोण, हे प्रश्न पात्रतेच्या लिफाफ्यातच विचारले पाहिजेत. बाहेरून जाळीत गुंडाळलेल्या इमारतीत महिनोन्‌महिने आपण सगळे झोपणार असतो.

७. अटींचा गैरवापर

इथवर वाचून वाटेल की जितक्या अटी कडक, तितके बरे. तसे नाही. अट ही चाळणीसारखी असते : भोके मोठी ठेवली तर खडे गव्हाबरोबर खाली येतात, फार बारीक ठेवली तर गहूच वर राहतो. आणि कधीकधी भोकांचा आकार एकाच दाण्याच्या मापाने काढलेला असतो. "याच शहरात, याच कंपनीच्या रंगाची, मागील दोन वर्षांत पाच कामे केलेला, अमुक संस्थेचा सदस्य" अशी अट दिसली की ती आधी निवडलेल्या ठेकेदाराच्या माहितीपत्रकावरून उतरवली असण्याची शक्यता मोठी. सल्लागार आपल्या यादीतल्या तीन-चार ठेकेदारांनाच निविदा देण्याचा आग्रह धरतो, तेव्हाही हाच धोका असतो. त्यातच सल्लागाराचे शुल्क कामाच्या रकमेच्या टक्क्यांत असेल, तर रक्कम कमी ठेवण्यात त्याचा फायदा नसतो. परीक्षण करणारा अभियंता आणि काम करणारा ठेकेदार यांचा आर्थिक संबंध नसावा, ही अट दोघांकडून लेखी घ्यावी.

संगनमत ही केवळ शंका नाही. मार्च २०२५ मध्ये जपानच्या स्पर्धा नियामक आयोगाने निवासी इमारतींच्या मोठ्या दुरुस्तीत दर आपसांत ठरवल्याच्या संशयावरून अनेक कंपन्यांची तपासणी सुरू केली. हाँगकाँगमध्ये तर हा प्रश्न इतका जुना आहे की तिथल्या नागरी नूतनीकरण प्राधिकरणाने २०१६ मध्ये स्मार्ट टेंडर नावाची सेवा काढली : घरमालकांना स्वतंत्र तज्ज्ञाचा खर्चाचा अंदाज मिळतो आणि निविदा इलेक्ट्रॉनिक मंचावर मागवल्या जातात. आपल्याकडे २००२ चा स्पर्धा कायदा निविदांमधले संगनमत बेकायदा ठरवतो, पण चाळीस सदनिकांच्या संस्थेने स्पर्धा आयोगाकडे धाव घेणे व्यवहारात अवघड. तिच्या हाती तीन सोपी साधने आहेत. ठेकेदाराशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून खर्चाचा स्वतंत्र अंदाज घ्यावा आणि तो बंद लिफाफ्यात ठेवून निविदांबरोबरच उघडावा. निविदेची सूचना वर्तमानपत्रात द्यावी, म्हणजे यादीबाहेरचा माणूसही येईल. आणि अट लिहिताना प्रत्येक अटीपुढे तिचे कारण एका वाक्यात लिहावे. कारण लिहिता आले नाही, तर अट काढून टाकावी. अशा रीतीने पाच-सहापेक्षा जास्त अटी क्वचितच उरतात.

८. दोन लिफाफे, आणि छोटी संस्था

सगळे ठरल्यावर ते अमलात आणण्याची रीत दोन लिफाफ्यांची आहे. पहिल्यात पात्रतेची कागदपत्रे, दुसऱ्यात दर. पहिला लिफाफा सर्वांसमोर उघडायचा, कागद आणि जुनी कामे तपासायची, कोण पात्र आणि कोण का अपात्र हे इतिवृत्तात लिहायचे आणि मगच पात्र ठेकेदारांचे दर उघडायचे. अपात्र ठरलेल्याचा दुसरा लिफाफा न उघडता परत द्यायचा. ही शिस्त एकदा मोडली, म्हणजे दर आधी कळले, की कमी दरवाल्याच्या कागदांतल्या त्रुटी "किरकोळ" वाटू लागतात. माणसाचा स्वभावच तसा आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. पात्र ठरलेल्यांत मात्र सर्वांत कमी दराला काम द्यायला संकोच नको. तो अंदाजापेक्षा फारच खाली असेल तर बाबवार दरांचे पृथक्करण मागावे आणि पहिल्या भागातला रंग-मॉर्टरचा हिशेब मोजमाप वाढवून करून पाहावा.

राहिला शेवटचा आक्षेप : बारा सदनिकांच्या, सहा लाखांच्या कामाला एवढा व्याप कसा परवडेल? परवडणार नाही आणि करूही नये. अशा संस्थेला वर्तमानपत्रातली सूचना आणि निविदाक्षमतेचे गणित सोडून देता येईल. पण चार गोष्टी कितीही छोट्या कामाला सोडू नयेत : जीएसटीसह रीतसर बिल, दोन पावसाळे पाहिलेले एक काम प्रत्यक्ष जाऊन पाहणे, कामगारांचा चालू विमा आणि पाच टक्के रोखून ठेवणे. यांपैकी एकालाही मोठा खर्च नाही. लागतो तो दोन रविवारांचा वेळ.

आपल्या संस्थेत यंदा दुरुस्ती होणार असेल, तर एप्रिलमध्ये घाईने कोटेशन गोळा होण्याची वाट पाहू नका. पावसाळा चालू असताना, गळती दिसत असतानाच परीक्षण करून घ्यायला सांगा आणि ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या सभेच्या विषयपत्रिकेवर "ठेकेदाराच्या पात्रतेच्या अटी निश्चित करणे" हा स्वतंत्र विषय घालावा, असे पत्र आजच सचिवांना द्या.